मातीतल्या विषाचा हिशेब मांडणारी रॅचेल कार्सन

पाखरांच्या किलबिलाटाविना उजाडणारा वसंत ऋतू ही कल्पना जगाला देणारी लेखिका, अशी रॅचेल कार्सन यांची सर्वसाधारण ओळख आहे. डीडीटीच्या फवारणीने मृत्युमुखी पडलेले पक्षी आणि त्यातून उभी राहिलेली पर्यावरण चळवळ, एवढ्यावरच ही ओळख बहुधा थांबते. मात्र १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण मातीला वाहिलेले आहे. त्या ग्रंथातील अनेक दारुण कहाण्या आकाशात उडणाऱ्या नव्हे, तर जमिनीखाली राहून पिकांची मुळे कुरतडणाऱ्या किडींच्या बंदोबस्तातून घडलेल्या आहेत. हळद आणि सोयाबीनच्या मुळांवर हुमणीचा घाला सोसणाऱ्या हिंगोली जिल्ह्याला ती पाने आजही परकी वाटू नयेत. म्हणूनच या विलक्षण स्त्रीचे चरित्र मातीच्या अंगाने पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

नदीकाठचे बालपण

रॅचेल लुईझ कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराजवळच्या स्प्रिंगडेल या गावी झाला. अॅलेघेनी नदीच्या काठी वसलेल्या या गावात कार्सन कुटुंबाची ६५ एकर जमीन होती. वडील रॉबर्ट यांना शेतीत वा व्यवसायात फारसे यश कधी लाभले नाही. घराची खरी श्रीमंती होती ती आई मारिया यांच्याकडे. विवाहापूर्वी शिक्षिका असलेल्या या माउलीने तीन भावंडांत धाकट्या असलेल्या रॅचेलला रानावनातून हिंडवले, पाखरांची आणि किड्यांची नावे शिकवली, पुस्तकांची गोडी लावली. वयाच्या अकराव्या वर्षी या मुलीची गोष्ट 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात छापून आली. आपण लेखिका व्हायचे, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकले होते.

१९२५ मध्ये पिट्सबर्गच्या 'पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेन' या महाविद्यालयात त्या दाखल झाल्या त्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी. तेथे मेरी स्कॉट स्किंकर या प्राध्यापिकेने शिकवलेल्या जीवशास्त्राने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. साहित्य सोडून त्यांनी जीवशास्त्र घेतले. लेखणी कायमची सुटली, अशी हुरहूर त्यांना तेव्हा वाटली असेल. पुढे याच दोन प्रवाहांच्या संगमाने त्यांना जगभर नाव मिळवून दिले. १९२९ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत एक उन्हाळा काढला आणि समुद्राचे पहिले दर्शन घेतले. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळवली. महामंदीचे ते दिवस होते. डॉक्टरेटचे स्वप्न १९३४ मध्ये अर्ध्यावर सोडून त्यांना मिळकतीच्या मागे लागावे लागले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि घराचा भार त्यांच्या खांद्यावर आला.

सरकारी कचेरीतील लेखिका

अमेरिकेच्या मत्स्यव्यवसाय खात्याला त्या सुमारास समुद्रजीवनावर नभोवाणीसाठी संहिता लिहून देणारी व्यक्ती हवी होती. शास्त्र जाणणारे लिहू शकत नव्हते आणि लिहिणाऱ्यांना शास्त्र कळत नव्हते. कार्सन यांनी ही उणीव भरून काढली. १९३६ मध्ये स्पर्धा परीक्षेत उत्तम यश मिळवून त्या कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ म्हणून खात्यात रुजू झाल्या. अशा तांत्रिक पदावर त्या खात्यात नेमली गेलेली ही दुसरीच स्त्री होती. १९३७ मध्ये थोरल्या बहिणीचा मृत्यू झाला आणि तिच्या दोन पोरक्या मुलींचे संगोपन रॅचेल आणि त्यांच्या वृद्ध आईने अंगावर घेतले. कुटुंबाची ही जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत निमूटपणे वाहिली. त्या अविवाहित राहिल्या.

दिवसा कचेरी आणि रात्री लेखन असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पहिले पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि महिनाभरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेल्याने त्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही. १९५१ मध्ये 'द सी अराउंड अस' प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. हे पुस्तक ८६ आठवडे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत राहिले, त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. तोवर कार्सन खात्याच्या प्रकाशन विभागाच्या मुख्य संपादक झाल्या होत्या. १९५२ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, मेन राज्यात समुद्रकिनारी एक लहानसे घर बांधले आणि पूर्णवेळ लेखनाला वाहून घेतले. समुद्राच्या लेखिका म्हणून सुखाने राहावे, इतकी कीर्ती आणि इतका पैसा आता त्यांच्यापाशी होता.

चमत्काराची भुकटी

याच काळात शेतीत एक मोठे स्थित्यंतर घडत होते. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला होता. महायुद्धात सैनिकांच्या उवा मारून या भुकटीने प्रलापक ज्वराची साथ आटोक्यात आणली, हिवतापाचे डास मारले. म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे श्रेय अस्सल होते आणि कार्सन यांनीही ते नाकारले नाही. परंतु युद्ध संपताच डीडीटी आणि त्याच्या पाठोपाठ आलेली बीएचसी, अल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही क्लोरीनयुक्त रसायने शेतात, बागेत, जंगलात विमानाने शिंपडली जाऊ लागली. कीड दिसो वा न दिसो, फवारा मारावा अशी रीतच पडली.

सरकारी खात्यात असतानाच कार्सन यांच्या हाती डीडीटीच्या वन्यजीवांवरील परिणामांच्या चाचण्यांचे अहवाल येत होते. १९४५ मध्येच त्यांनी 'रीडर्स डायजेस्ट'ला या विषयावर लेख देऊ केला होता. तो नाकारला गेला. १९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ओल्गा ओवेन्स हकिन्स या त्यांच्या परिचित बाईंचे पत्र आले. डासांसाठी विमानातून केलेल्या फवारणीनंतर आपल्या अंगणात पक्षी तडफडून मेले, अशी त्यात तक्रार होती. विषय पुन्हा जागा झाला. कोणीतरी दुसऱ्याने लिहावे म्हणून कार्सन यांनी आधी प्रयत्न केले. अखेरीस आपल्यालाच लिहावे लागणार, हे त्यांना उमगले.

मातीखालचे जग

पुढची चार वर्षे त्यांनी अहवाल, न्यायालयातील साक्षी, विद्यापीठांचे प्रबंध आणि शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार यांचा डोंगर उपसला. त्यातून जे हाती लागले त्याचा मोठा भाग मातीशी निगडित होता. माती म्हणजे रोपे उभी करण्याचा निर्जीव आधार नव्हे, जिवाणू, बुरशी, कोळी, गांडुळे यांचे ते एक गजबजलेले नगर आहे, हे त्यांनी सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडले. या नगरातील एकच गुन्हेगार पकडण्यासाठी संपूर्ण नगरावर विष ओतले तर काय होते, हा त्यांचा प्रश्न होता.

विष मातीत किती काळ टिकते, याचे आकडे त्यांनी जमवले. बीएचसी किमान ११ वर्षे, हेप्टाक्लोर किंवा त्यापासून बनणारे अधिक जहाल द्रव्य किमान ९ वर्षे, तर क्लोरडेनचा अंश १२ वर्षांनंतरही मातीत सापडत होता. दरवर्षी थोडे थोडे टाकलेले औषध म्हणूनच थोडे राहत नाही. ते साठत जाते. बीएचसी टाकलेल्या जमिनीत पुढे रताळी आणि भुईमूग घेतले तर त्यांना विचित्र वास आणि चव येई, आणि प्रक्रिया करणारे कारखानदार असा माल घ्यायला नकार देत.

वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांतील हॉप्स उत्पादकांची कहाणी तर मुळावरील किडींशी झुंजणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याने वाचावी अशी आहे. हॉप्स ही मद्याला चव देणारी वेल. १९५५ मध्ये तिच्या मुळांवर एका सोंड्याच्या अळ्या वाढल्या. कृषी तज्ज्ञांच्या आणि उत्पादक कंपन्यांच्या सल्ल्याने बागाईतदारांनी जमिनीत हेप्टाक्लोर टाकले. वर्षाच्या आत वेली सुकू लागल्या. औषध न टाकलेल्या बागा मात्र ठणठणीत राहिल्या. मोठा खर्च करून पुन्हा लागवड केली, तर नवी मुळेही मेली. चार वर्षांनंतरही त्या जमिनीत हेप्टाक्लोर होते आणि ते कधी जाईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ज्या मुळांना वाचवण्यासाठी औषध आणले, त्याच मुळांचा त्याने बळी घेतला होता.

मातीतून विष वर कसे चढते, याचा माग त्यांनी एल्म वृक्षांच्या उदाहरणातून काढला. झाडांवर डीडीटी फवारले, पाने गळून कुजली, ती पाने गांडुळांनी खाल्ली आणि गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी. इलिनॉय राज्यातील रॉय बार्कर यांच्या अभ्यासानुसार एका रॉबिनला मारण्यास अवघी ११ मोठी गांडुळे पुरेशी होती, आणि इतकी गांडुळे तो पक्षी काही मिनिटांत खातो.

दोन भुंगेरे, दोन वाटा

कार्सन यांच्या ग्रंथातील सर्वांत बोलके प्रकरण आहे ते जपानी भुंगेऱ्याचे. १९१६ मध्ये न्यू जर्सीत प्रथम आढळलेल्या या भुंगेऱ्याच्या पांढऱ्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात. आपल्याकडील हुमणी याच कुळातील आहे. इलिनॉय राज्यातील शेल्डन परिसरात १९५४ पासून या अळ्यांसाठी विमानातून डायल्ड्रिन टाकण्यात आले. विषाने जमिनीतील अळ्या आणि किडे पृष्ठभागावर येऊन मेले. ते पक्ष्यांनी टिपले. रॉबिन, मैना, खारी पटापट मेल्या. शेतघरांवरील मांजरांपैकी सुमारे नव्वद टक्के मांजरे पहिल्याच हंगामात दगावली.

याच किडीसाठी पूर्वेकडील राज्यांनी वेगळी वाट धरली होती. या अळ्यांना एक जिवाणूजन्य रोग होतो, त्यात त्यांचे रक्त दुधासारखे पांढरे पडते. हे जिवाणू पक्षी, जनावरे, गांडुळे, वनस्पती यांना अपाय करीत नाहीत. १९३९ ते १९५३ या काळात १४ राज्यांतील सुमारे ९४ हजार एकरांवर त्यांचे बीजाणू टाकण्यात आले. परिणाम दिसण्यास एखादा हंगाम जावा लागतो, ही त्याची मर्यादा कार्सन यांनी लपवली नाही. उतावळेपणाची किंमत मात्र त्यांनी दाखवून दिली. पुढील संशोधनात या जिवाणूचे परिणाम सर्वत्र सारखे आढळले नाहीत, हेही येथे नमूद करायला हवे. तरीही किडीच्या नैसर्गिक शत्रूंचा शोध घेण्याची दिशा आज जगभरच्या कृषी विद्यापीठांनी स्वीकारलेली आहे.

दक्षिणेकडील राज्यांत १९५७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आग्या मुंग्यांविरुद्ध मोहीम उघडली, तीही याच धर्तीची. या मुंग्यांची वारुळे एकेक करून हाताळता आली असती आणि खर्चही कमी आला असता. त्याऐवजी लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डायल्ड्रिनचे दाणे विखुरले गेले. रानपक्षी आणि वन्यप्राणी मेले, मुंग्या मात्र टिकून राहिल्या.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. कार्सन यांनी सर्व कीटकनाशकांवर सरसकट बंदी मागितली नव्हती. पिकाचे नुकसान खरे असते आणि शेतकऱ्याला उपाय हवाच असतो, हे शेतावर वाढलेल्या या बाईंना ठाऊक होते. जहाल रसायने त्यांच्या परिणामांची जाण नसलेल्यांच्या हाती बेधडक सोपवली जातात, लोकांना न विचारता त्यांच्या अंगणात आणि अन्नात ती पोहोचतात, यास त्यांचा विरोध होता. जेथे गरज आहे तेथेच, किडीच्या नाजूक अवस्थेत आणि कमीत कमी मात्रेत औषध वापरावे, हा विचार पुढे एकात्मिक कीड व्यवस्थापन या नावाने रूढ झाला.

हिंगोलीच्या शिवारातून पाहताना

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद ही प्रमुख पिके आहेत. हिंगोली आणि वसमत येथील हळदीच्या बाजारपेठा राज्यभर प्रसिद्ध आहेत, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचे पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि विकला जातो तो जमिनीतील कंदच. मातीत टाकलेल्या औषधाचा अंश येथे थेट मालाशी आणि खाणाऱ्याच्या ताटाशी जोडलेला असतो. हॉप्सच्या वेली आणि भुईमुगाच्या शेंगा यांची कार्सन यांनी सांगितलेली हकिकत म्हणूनच येथे लागू पडते.

हुमणीचे जीवनचक्र वर्षभराचे असते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून बाहेर पडतात, बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, पाला खातात, त्यांचे मीलन होते आणि मादी पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळे खातात. शेतात रोपे पिवळी पडून सुकू लागतात तोवर अळ्या पुष्कळदा मोठ्या झालेल्या असतात. अशा मोठ्या, खोलवर गेलेल्या अळीवर औषधाचा उपयोग फारसा होत नाही. मात्र घाबरलेला शेतकरी नेमक्या त्याच वेळी दुकानात धाव घेतो आणि मात्रा वाढवून टाकतो. पैसा जातो, माती बिघडते आणि अळी बऱ्याच अंशी शाबूत राहते.

म्हणून भुंगेरे झाडावर असतानाच रात्री फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवून नष्ट करावेत, हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय मानला जातो. मात्र तो एकट्यादुकट्याने करून भागत नाही, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत. संपूर्ण गावाने एकाच वेळी हाती घेतला तरच त्याचा गुण येतो. जोडीला उन्हाळ्यातील खोल नांगरट, पूर्ण कुजलेलेच शेणखत वापरणे आणि मेटारायझियम या बुरशीचा वापर यांची शिफारस केली जाते. ही बुरशी १८७९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांवरूनच शोधून काढली होती. ओलसर जमिनीत ती अळीच्या अंगावर वाढते आणि तिला मारते. रसायनाची पाळी आलीच, तर त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी मंजूर असलेलेच औषध, अळ्या लहान असताना, डब्यावर छापलेल्या मात्रेतच वापरायचे असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा किंवा कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेण्याची सोय हिंगोलीच्या शेतकऱ्याला जवळच उपलब्ध आहे.

औषध हाताळणाऱ्या माणसाचा प्रश्न यात सर्वांत कळीचा आहे. पॅराथिऑन या जहाल औषधाने १९५८ या एकाच वर्षात भारतात १०० जण दगावल्याची नोंद कार्सन यांच्या ग्रंथात आहे. त्याच वर्षी केरळात या औषधाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच देशाला १९६८ चा कीटकनाशक कायदा मिळाला. कायदा आला तरी घात थांबला नाही. २०१७ मध्ये हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. जमिनीत टाकायची दाणेदार औषधे फवारावी लागत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी वाटतात. वाळूत मिसळून उघड्या हाताने फोकण्याची सवय त्यातूनच पडली. वस्तुतः फोरेटसारखे दाणे अत्यंत जहाल होते, आणि २०२० अखेर देशात त्यांच्या वापरावर बंदी आली. डब्यावरील त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा आणि हिरवा रंग विषारीपणा उतरत्या क्रमाने सांगतो. तो पाहणे, हातमोजे व तोंडावर आच्छादन वापरणे, औषध हाताळताना तंबाखू वा बिडीला हात न लावणे आणि रिकामे डबे घरात न वापरणे या साध्या गोष्टी प्राण वाचवतात.

वादळ आणि अखेर

ग्रंथाचे लेखन चालू असताना कार्सन यांच्यावर आघातांमागून आघात होत होते. १९५७ मध्ये सांभाळलेली भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला, रॉजरला, त्यांनी वयाच्या पन्नाशीत दत्तक घेतले. १९५८ च्या अखेरीस आईने डोळे मिटले. १९६० मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. सांधे धरले, दृष्टी काही काळ अधू झाली. आपला आजार त्यांनी जगापासून लपवून ठेवला. कर्करोगाच्या रुग्णाने सूडापोटी रसायनांविरुद्ध लिहिले, असा आरोप विरोधकांना करता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

१६ जून १९६२ पासून 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात ग्रंथाचे भाग येऊ लागले आणि २७ सप्टेंबरला तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. रसायन उद्योगाने वादळ उठवले. हेप्टाक्लोर आणि क्लोरडेन बनवणाऱ्या वेल्सिकॉल कंपनीने प्रकाशकाला न्यायालयात खेचण्याची धमकी दिली. लेखिका भावनाप्रधान आहे, तिला डॉक्टरेट नाही, ती अविवाहित आहे, असे शेरे मारले गेले. तिचे ऐकले तर जग पुन्हा किड्यांच्या आणि रोगराईच्या ताब्यात जाईल, असे भाकीत वर्तवण्यात आले. कार्सन यांनी उत्तरादाखल ग्रंथाच्या शेवटी जोडलेली पन्नासहून अधिक पानांची संदर्भसूची पुढे ठेवली. आवाज चढवण्याची त्यांना गरज भासली नाही.

३ एप्रिल १९६३ रोजी दूरचित्रवाणीवर या वादावरील कार्यक्रम झाला. आरोपांच्या वर्षावानंतर पडद्यावर आलेली शांत, संयत बोलणारी स्त्री पाहून लक्षावधी प्रेक्षकांचा कौल फिरला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नेमलेल्या वैज्ञानिक सल्लागार समितीने १५ मे १९६३ च्या अहवालात त्यांच्या मांडणीला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा रोग हाडांपर्यंत पोहोचलेला होता. १४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील घरी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रक्षेचा काही भाग मैत्रीण डोरोथी फ्रीमन यांनी मेनच्या समुद्रकिनाऱ्यावर विसर्जित केला.

मागे राहिलेला हिशेब

१९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली, १९७२ मध्ये तेथे डीडीटीचा शेतीतील वापर थांबला. १९८० मध्ये कार्सन यांना मरणोत्तर स्वातंत्र्यपदक देऊन गौरवण्यात आले. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला. मराठवाड्याच्या शेतकऱ्यांनी पोत्यांनी वापरलेली बीएचसी भुकटी १९९७ मध्ये बंदीच्या यादीत गेली. २००१ च्या स्टॉकहोम करारात जगाने प्रथम ज्या बारा चिवट विषांना आवर घालण्याचे ठरवले, त्यांत अल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही मातीत टाकली जाणारी सर्व नावे होती. भारताने २००६ मध्ये हा करार स्वीकारला.

कार्सन यांच्यावरील टीका आजही पूर्णपणे ओसरलेली नाही. डीडीटीवरील रोषामुळे हिवतापाने माणसे मेली, असा आरोप अधूनमधून केला जातो. स्टॉकहोम करारात रोगवाहक डासांसाठी डीडीटीची मुभा ठेवलेली आहे, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरले जाते. शेतातील अतिरेकी वापरामुळेच डासांसह अनेक कीटकांत प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि औषध निकामी ठरते, हा इशारा तर कार्सन यांनीच दिला होता.

त्यांनी नावानिशी दाखवलेली बहुतेक मातीतील विषे आज कायद्याने हद्दपार झाली आहेत. हुमणी मात्र दर पावसाळ्यात येतेच आहे आणि एका रसायनाची जागा दुसरे घेत आहे. जुनी औषधे टिकाऊ होती, नव्यांतील काही हाताळणाऱ्याला अधिक घातक ठरली. त्यामुळे कोणते औषध, कोणत्या किडीसाठी, किती आणि कोणाच्या हातून मातीत जाते, हा कार्सन यांचा हिशेब प्रत्येक हंगामात नव्याने मांडावा लागतो. हळद शिजण्याआधी तो शेतात मांडला गेला, तर शहरातील स्वयंपाकघरालाही त्याची चिंता उरणार नाही.